अंगातला खेळ शब्दांत: एका हाफबॅक मुलीला पत्र

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. असल्या गोष्टी फोनवर दोन मिनिटांत बोलून भागत नाही, म्हणून सावकाश लिहायला बसलोय. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवाला बरं वाटलं. खानापूरच्या शाळेनं मुलींना हॉकी शिकवायला बोलावलंय आणि इकडं एका स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणात समालोचन करशील का म्हणून विचारणा झालीय. तू विचारतेस, "सर, खेळणं सोडून या दोन्हींतलं कुठलं धरू?"

आधी गुडघ्याचं सांगतो. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूनं नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नये, असं आता बहुतेक जाणकार सांगतात. नऊ महिन्यांनंतरही उतरायचं की नाही, ते डॉक्टर आणि फिजिओ पायाची ताकद मोजून ठरवतील. तुझी घाई किंवा संघाच्या मॅनेजरची घाई त्यात आणायची नाही. तेव्हा आज 'सोडू की नको' हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे या मोकळ्या महिन्यांत काय करायचं, आणि त्याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय. मी रेल्वेकडून खेळलो, मग शिकवलं, मग माईकपुढं बसलो. तिन्ही कामं करून झाल्यावर एक गोष्ट मला पक्की कळलीय, ती तुला आताच कळावी असं फार वाटतं.

तुला हॉकी येते, पण ती तुझ्या अंगात आहे. तोंडात अजून आलेली नाही.

गेल्या वर्षी तू हाफबॅकला, म्हणजे मधल्या फळीत, खेळताना समोरच्या संघाचा पास मधल्यामधे इतक्या वेळा काढून घेत होतीस की त्यांनी शेवटी तुझ्या बाजूनं खेळणंच बंद केलं. मी विचारलं, "पास तिकडंच येणार हे कशावरून कळलं?" तू म्हणालीस, "कळलं सर." भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं म्हणून आईला विचारलं तर ती 'अंदाजानं' म्हणते, तसंच हे. आईचा अंदाज चुकत नाही, तुझाही चुकत नव्हता. पण बारा वर्षांची पोरगी समोर उभी राहून "ताई, कसं कळतं?" म्हणून विचारेल, तेव्हा "कळतं" एवढं सांगून तिला काही मिळणार नाही.

खरं तर तुला कळत होतं ते सांगण्यासारखं आहे. हिट मारणाऱ्याचा डावा खांदा जिकडं रोखला जातो, तिकडं चेंडू जातो. पाय कुठं पडलाय, चेंडू पायाच्या पुढं आहे की मागं राहिलाय, डोकं वर आहे की खाली, हे सगळं तू चेंडू सुटायच्या आधी बघत होतीस आणि बघतेयस हे तुलाच ठाऊक नव्हतं. माझ्या लहानपणी आम्हाला कॅम्पातले एक निवृत्त हवालदार शिकवायचे. लाल मातीत अनवाणी पळणाऱ्या आम्हा पोरांना ते ओरडायचे, "चेंडूकडं काय बघूलैस? खांद्याकडं बघ की!" एका वाक्यात केवढं शिक्षण होतं, हे मला पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांचा डिप्लोमा करताना उमगलं. तिथं तीच गोष्ट आकृत्या काढून शिकवत होते.

प्रशिक्षण काय नि समालोचन काय, मुळात हेच काम आहे. अंगात मुरलेलं ज्ञान दुसऱ्याला पोचेल अशा शब्दांत आणायचं. एकात ते मैदानातल्या मुलीला द्यायचं, दुसऱ्यात घरी बसलेल्या माणसाला. म्हणून 'हे की ते' ही निवड आज करूच नकोस. आधी मूळ काम शीक.

कसं शिकायचं तेही सांगतो. जुन्या सामन्यांचे व्हिडिओ काढ आणि आवाज बंद करून बघ. दहा मिनिटं स्वतः बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. मग डोळे मिटून ते ऐक. चेंडू कुठं आहे, कुणाकडं आहे, कुठल्या बाजूला चाललाय, गुण किती, वेळ किती उरला, एवढं तरी नुसतं ऐकून समजतंय का बघ. पहिल्यांदा समजणार नाही. 'सुंदर', 'अप्रतिम', 'काय खेळ' असले शब्दच जास्त निघतील. ते गाळून पुन्हा बोल. दुसऱ्यांदा तोच व्हिडिओ लावून चेंडूकडं अजिबात बघू नकोस. चेंडू उजवीकडं असताना डावी हाफ कुठं उभी आहे, सेंटर फॉरवर्ड बचावपटूला ओढून जागा कशी मोकळी करतेय, गोलकीपर किती पुढं आलीय, हे वहीत लिही. खेळताना तुझं लक्ष चेंडूच्या दहा-पंधरा मीटरांत असायचं, आणि ते बरोबरच होतं. आता मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहे हे डोळ्यांना शिकवायचंय.

शिकवण्याबद्दल बोलतो, कारण त्या कामात माझा जीव जास्त गुंतलाय.

बेळगावच्या हॉकीला मोठी परंपरा आहे, हे तू लहानपणापासून ऐकत आलीयस. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १-० असं हरवून सुवर्णपदक जिंकलेल्या संघात आपले बंडू पाटील होते. त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण. गाव त्यांचं मध्य प्रदेशातलं महू, पण शिपाई मराठा लाइट इन्फंट्रीचे, ज्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक ते खेळले, आणि १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार झाले. त्यानंतर आशियाई सुवर्ण यायला १९९८ उजाडलं, पुन्हा बँकॉकच. तेव्हा कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले, आणि टायब्रेकरमध्ये गोल अडवले बेंगळुरूच्या आशीष बल्लाळनं.

ही नावं मुलींना जरूर सांग. पण सरावाचा वेळ त्यात घालवू नकोस. आपल्याकडं जुन्या सुवर्णपदकांची उजळणी करत बसायची सवय फार आहे आणि मला ती आवडत नाही. बारा वर्षांच्या पोरीला १९६४ ऐकून चेंडू थांबवता येत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, खेळ वेगळा झाला, आणि आपली पोरं अजून लाल मातीवर शिकतायत. इथल्या लेले मैदानावर चेंडू उसळतो, वळतो, कधी खड्ड्यात मरतो. टर्फवर तो सरळ आणि वेगानं येतो. मातीवर वाढलेली मुलगी चेंडू थांबवताना स्टिक किंचित उचलून धरते, कारण तिला उसळीची धास्ती असते. टर्फवर तोच चेंडू स्टिकखालून निघून जातो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुलगी बेंगळुरूला निवड चाचणीला पोचते आणि पहिल्या पाच मिनिटांत तीन चेंडू तिच्या स्टिकखालून जातात. निवड करणाऱ्यांना वाटतं, हिला ट्रॅपिंग येत नाही. तिला येतं, पण दुसऱ्या जमिनीवरचं येतं. हा फरक तुला दोन्हीकडं खेळून माहीत आहे. शाळेच्या सिमेंटच्या अंगणात, बॅडमिंटनच्या कोर्टवर, जिथं सपाट जागा मिळेल तिथं त्यांच्याकडून जमिनीला स्टिक टेकवून ट्रॅप करून घे. खानापुरात पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलाचं असतं, तेव्हा हेच कर. पाऊस आहे म्हणून सराव बंद, असं करू नकोस. तुझ्या मुलींना पुढं राज्याच्या दसरा क्रीडा स्पर्धेच्या विभागीय फेरीत गदगच्या मुलींशी गाठ आहे, आणि त्या हॉकी बोलत वाढलेल्या असतात.

आता सामन्याच्या वेळचं. आजकालच्या सामन्यात पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या भागांच्या मधे दोन मिनिटांची विश्रांती. खेळाडू असताना तुला ती दोन मिनिटं पाणी पिण्याची वाटायची. प्रशिक्षकासाठी तीच सगळ्यात महागडी. मुली धापा टाकत येतात, पहिली तीस-चाळीस सेकंद त्यांच्या कानात काहीही शिरत नाही. तेव्हा गप्प राहायचं. बाटल्या द्यायच्या, कुणाच्या पायाला लागलंय का बघायचं. मग दोन गोष्टी सांगायच्या. तिसरी आठवली तरी गिळायची. आणि त्या दोन गोष्टी 'नीट खेळा', 'जोर लावा' असल्या नकोत. 'त्यांची सात नंबर उजवीकडून आत येतेय, तिला बाहेरच्या बाजूला ढकल' अशी सांगायची, म्हणजे मैदानात गेल्यावर पहिल्याच मिनिटाला करून बघता येईल. ही दोन वाक्यं शोधायला तुला आधीची पंधरा मिनिटं शब्दांत बघायला लागतात. म्हणून तर मी तुला वहीत लिहायला सांगतोय.

बाजूला उभं राहून सतत ओरडणारे प्रशिक्षक तू पाहिलेयस. 'हिट कर, पास दे, मागं ये.' मुलगी मग स्वतः बघायचं सोडून आवाजाकडं कान लावून खेळते. निर्णय तिनं घ्यायचाय. सरावात थांबवून विचार, "आत्ता तुला कोण मोकळी दिसली?" उत्तर येईपर्यंत थांब. सामन्यात मात्र बाकावर बसून बदली खेळाडूंचा हिशेब बघ. हवी तेवढ्या वेळा खेळाडू बदलता येतात, त्याचा उपयोग आपल्याकडं नीट होत नाही. आघाडीची मुलगी दमून उभी राहिल्यावर तिला बाहेर काढतात. ती दमायच्या आधी काढायला हवी.

तुला शाळेनं बोलावलंय याचा मला आनंद आहे, त्यात मुलींसाठी बोलावलंय याचा विशेष. मी इतकी वर्षं मुलींना शिकवलं, पण काही गोष्टी त्या मला सांगत नाहीत. पाळीच्या दिवसांत पोट दुखत असलं तरी 'पाय दुखतोय सर' म्हणतात. रक्त कमी असतं, चक्कर येते, ते लपवतात. तुला सांगतील. दुसरं असं की जांबोटी-कणकुंबीकडची, हलशीकडची आई संध्याकाळी साडेसहापर्यंत पोरीला मैदानावर ठेवायला धजत नाही. मैदानात बाई आहे कळलं की ती ठेवते. किती तरी चांगल्या खेळणाऱ्या मुली दहावीला पोचायच्या आत घरी बसलेल्या मी बघितल्या. त्या वाईट खेळत नव्हत्या, त्यांना कुणी बाई प्रशिक्षक भेटली नव्हती. तू तिथं उभी राहिलीस तर निम्मं काम उभं राहण्यानंच होईल. घरी जाऊन आयांना भेट. वडलांना नंतर. आई तयार झाली की घर तयार होतं.

आणि एक. मुली जाताना-येताना एकट्या नसतील, कपडे बदलायला दार असलेली खोली असेल, बाहेरगावी सामन्याला जाताना सोबत बाई असेल, हे पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून लेखी ठरव. संकोच करू नकोस.

भाषेचं तू लिहिलंयस. घरी मराठी, शाळेत मराठी, म्हणून कन्नडमध्ये बोलताना अडखळतेस आणि इंग्रजीत तर बोलणंच बंद होतं, असं. मी याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. आपण सीमेवरची माणसं. खानापुरातल्या पोरीला मराठीतून सांगायचं, बैलहोंगलच्या पोरीला कन्नडमधून, कॅम्पातल्या पोरीला हिंदीतून. घर मराठी आणि अंगावर जर्सी कर्नाटकाची, हे आपल्यातल्या कितीतरी खेळाडूंनी मनापासून निभावलंय. राज्याच्या संघात कोडगूच्या मुली भेटतात, राष्ट्रीय शिबिरात झारखंड, ओडिशा, मणिपूर, हरियाणाच्या. तिथं एकाच भाषेत वाढलेल्याला जो त्रास होतो तो आपल्याला होत नाही, कारण चार भाषांत कामापुरतं बोलणं आपल्याला बाजारातच येतं. व्याकरण चुकलं तरी चालेल, सूचना चुकता कामा नये. इंग्रजी मात्र आता वाचायला लाग. हॉकी इंडियाचे, म्हणजे देशाच्या हॉकी संघटनेचे, प्रशिक्षकांचे टप्पे आहेत, बेसिक, मग लेव्हल १, मग लेव्हल २. पुढं आंतरराष्ट्रीय महासंघाचे अभ्यासक्रम. नियमपुस्तक इंग्रजीतच आहे. रोज एक पान वाच, त्यातला नियम मराठीत लिहून काढ.

मोठी माणसं काय करतायत तेही बघ. भारताचा गोलरक्षक श्रीजेशनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घेऊन २०२४ मध्ये खेळ थांबवला आणि लगेच ज्युनिअर मुलांचा संघ हातात घेतला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींना चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारी कर्णधार रानी रामपाल, तिनंही सब-ज्युनिअर मुलींपासून प्रशिक्षणाला सुरुवात केली. एवढं नाव असलेली माणसं लहान मुलांकडं गेली, हे मला फार योग्य वाटतं. लहान वयात चेंडूखाली स्टिक कशी ठेवायची हे कुणी नीट शिकवलं नसेल तर वरच्या संघातला प्रशिक्षक काय करणार? तेव्हा शाळेचं काम छोटं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

माईकचं आता.

रेडिओ आणि पडदा ही दोन वेगळी कामं आहेत. रेडिओवर तू बोलली नाहीस तर ऐकणाऱ्याला मैदानच नाही. १९७५ च्या क्वालालंपूरच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं जसदेव सिंग यांचं समालोचन ऐकलेली माणसं अजून भेटतात. अशोक कुमारच्या गोलनं पाकिस्तानला २-१ असं हरवलं तो सामना. त्यातल्या बहुतेकांनी तो सामना डोळ्यांनी कधीच पाहिला नाही, तरी तो कालच पाहिल्यासारखा सांगतात. रेडिओवर चेंडूबरोबर पळायला लागतं: बाजू, नाव, अंतर, दिशा. दर एक-दोन मिनिटांनी गुण आणि वेळ सांगायची, कारण मधेच कुणी तरी रेडिओ लावलेला असतो.

पडद्यावर उलट. चेंडू कुणाकडं आहे ते लोकांना दिसतंय. ते पुन्हा सांगितलंस तर त्यांना कंटाळा येईल. तिथं न दिसणारं सांगायचं. तुझ्यासारख्या खेळाडूला बोलावतात ते त्यासाठीच. पेनल्टी कॉर्नर लागला की तयारीला वेळ असतो. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपर धरून पाच जणी गोलरेषेमागं, बाकीच्या मधल्या रेषेपलीकडं, हे चित्रात असतंच. तू सांग की फटका अडवायला पहिली धावणारी कुठल्या बाजूनं सुटणार, आधीच्या कॉर्नरला कुठं चेंडू गेला होता, चेंडू थांबवणाऱ्या स्टॉपरपाशी आज दोघी का उभ्या आहेत. चेंडू 'डी'बाहेर, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर, आल्याशिवाय गोल धरत नाहीत, आणि पहिलाच फटका हिट असेल तर तो गोलमधल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच जाता कामा नये, स्टिकनं ओढून उचललेल्या ड्रॅग फ्लिकला मात्र ही अट नाही. हे घरच्या माणसाला ठाऊक नसतं. एकदा सोप्या मराठीत सांगितलंस की पुढचा प्रत्येक कॉर्नर तो जागेवरून उठून बघेल. व्हिडिओ रेफरल, म्हणजे निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासणं, लागला की सगळे थांबतात, तेव्हा अंपायर काय तपासतायत ते सांग. ग्रीन कार्डला दोन मिनिटं बाहेर, यलोला पाच किंवा जास्त, आणि तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो, मग त्यांची रचना कशी बदलते हे सांग. हॉकीकडं माणूस पाठ फिरवतो ते खेळ वाईट म्हणून नव्हे. शिट्टी का वाजली हेच त्याला कळत नाही. मराठीत हे सांगणारं माणूस आज जवळजवळ नाही. तू ते करावंस अशी माझी फार इच्छा आहे.

नावांची काळजी घे. हे मी हात जोडून सांगतो. लालरेमसियामी, सलीमा टेटे, निक्की प्रधान, सुशीला चानू, ही नावं नीट उच्चारायला सामन्याआधी शिकायला लागतात. सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांच्या बाकाजवळ जा आणि प्रत्येकीला विचार, "तुझं नाव कसं म्हणायचं?" दूरच्या पाड्यावर मोबाईलला चिकटून बसलेल्या आईला आपल्या लेकीचं नाव बरोबर ऐकायला मिळालं पाहिजे. आपल्या आडनावांचं लोक काय करतात ते आपण भोगलंय की.

कानात हेडफोन असतो आणि त्यातून दिग्दर्शक बोलत असतो: "रिप्ले येतोय, दहा सेकंद, आता जाहिरात." तू बोलत असतानाच ते ऐकायचं. पहिले काही सामने हे जड जातं, मग सवय होते. गोल झाला की ओरडू नकोस. एक वाक्य बोल आणि थांब, मैदानाचा आवाज लोकांपर्यंत जाऊ दे. आणि चुकलेल्या खेळाडूबद्दल बोलताना विचार कर. तिनं पेनल्टी स्ट्रोक घालवला तर 'घालवला' म्हण, का घालवला तेही सांग: डोकं लवकर वर आलं, वजन मागच्या पायावर राहिलं. 'दडपण झेपलं नाही' असं म्हणू नकोस. तिच्या मनात काय होतं ते तुला दिसत नाही. ऑलिंपियन जगबीर सिंग खेळानंतर समालोचनात आले, त्यांना ऐक. खेळलेला माणूस खेळाडूबद्दल बोलताना शब्द जपून वापरतो.

तू शाळेत मुलींना शिकवत असशील आणि त्यातलीच एखादी सामन्यात असेल, तर त्या सामन्याला माईक घेऊ नकोस. दोन्हीकडं अन्याय होतो.

पैशांचं स्पष्ट बोलतो, कारण तुझ्या घरी त्याचीच काळजी असणार. शाळेचं मानधन थोडं असतं, समालोचनाचे पैसे सामन्यागणिक मिळतात, आणि हंगाम संपला की फोन वाजत नाही. शंकर लक्ष्मण २००६ साली महूला वारले. तीन ऑलिंपिक खेळलेला माणूस, पायाच्या आजारानं, ओढगस्तीत. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलेल्या त्या बातम्या मी विसरलो नाही. म्हणून खेळाडू कोट्यातून मिळालेली नोकरी सोडायची नाही. गुडघ्यानं साथ दिली नाही तरी ती नोकरी तुझी आहे. खात्याच्या संघाला प्रशिक्षक लागतोच, त्यासाठी एनआयएसचा अभ्यासक्रम केलेला उपयोगी पडतो आणि त्याला रजा मागता येते. बाहेर मानधनाचं काम घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी घे, अगदी एका सामन्याचं असलं तरी. २०२५ च्या जानेवारीत रांचीत महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा झाली. अशा स्पर्धा वाढल्या तर मैदानाबाहेरची कामंही वाढतील: व्हिडिओ विश्लेषण, फिजिओ, प्रशिक्षक, समालोचक. पण ती होतील तेव्हा होतील. आज महिन्याच्या एक तारखेला पगार येतोय तो येऊ दे.

तर असं करूया. शाळेला हो म्हण, आठवड्यातून तीन संध्याकाळ, गुडघ्याला ताण न देता. खुर्ची घेऊन बस, लाज वाटून घेऊ नकोस, मुलींना कारण सांग. समालोचनाला आत्ताच होकार देऊ नकोस. त्यांना म्हण की एक सामना शेजारी बसून बघू द्या. दरम्यान रेकॉर्डिंगचा सराव चालू ठेव आणि दर रविवारी एक मला पाठव. मी ऐकून उत्तर देईन, गोड बोलणार नाही. वहीचे फोटोही पाठव.

पुढच्या आठवड्यात मला लोंढ्याला जायचंय, वाटेत खानापूरला उतरेन. आईला सांग, जेवायलाच येतो. मुख्याध्यापकांची दुपारची वेळ घेऊन ठेव, कपडे बदलायच्या खोलीचं मी सोबत असतानाच बोलून घेऊ. आणि फिजिओनं दिलेल्या व्यायामाचा कागद समोर ठेव, त्यातलं काय काय चुकवतेस ते मला बघायचंय.

तुझा,
सर